सारखं काय ठेवायचं?

सेन्सर म्हणजे कॅमेऱ्यातला उजेड टिपणारा भाग. लहान सेन्सरचे कॅमेरे आणि फुल फ्रेम, म्हणजे मोठ्या सेन्सरचे कॅमेरे, यांची तुलना करायची एक ठरलेली रीत आहे. दोन कॅमेरे शेजारी शेजारी ठेवायचे. दोन्हींवर एफ २.८ (लेन्सचं छिद्र किती उघडं; आकडा लहान तितकं छिद्र मोठं), शटर १/१२५ (सेन्सरवर उजेड पडण्याचा वेळ, सेकंदात), आयएसओ १६०० (फोटो किती उजळ दिसावा) लावायचा. मंद उजेडात बसलेल्या एकाच माणसाचे दोन फोटो काढायचे. मग दोन्ही फोटोंतला सावलीचा एक तुकडा, बहुतेक हनुवटीखालचा, भरपूर वाढवून समोरासमोर दाखवायचा. एका तुकड्यात त्वचा दिसते, दुसऱ्यात रंगीत कणांची गर्दी. निकाल लागला. एकजण म्हणतो, शेवटी फुल फ्रेम ते फुल फ्रेमच. दुसरा म्हणतो, इतकं वाढवून बघतो कोण? तिथून पुढचं भांडण सगळ्यांना तोंडपाठ आहे.

असल्या निकालांबद्दल माझी तक्रार नाही. ते खरे असतात. मला खटकतं ते त्याआधीचं वाक्य: ‘दोन्हीकडे सगळं सारखं ठेवलं.’ सगळं सारखं ठेवलेलं नसतं, ठेवताच येत नाही. एक गोष्ट सारखी धरली की दुसरी सुटते. कुठली धरायची आणि कुठली सोडायची हे तुलना करणारा ठरवतो, आणि पुष्कळदा आपण काही ठरवलंय याची त्यालाही कल्पना नसते.

त्याच दोन फोटोंकडे पुन्हा बघा. हनुवटी सोडा, माणसामागची भिंत बघा. फुल फ्रेमच्या फोटोत ती जास्त धूसर आहे. डोळे स्पष्ट आहेत, पण कानापर्यंत जाईस्तोवर फोकस सुटलाय. लहान सेन्सरच्या फोटोत डोळ्यांपासून कानापर्यंत सगळं नीट दिसतंय आणि भिंतीवरच्या चौकटीतलं चित्रही ओळखू येतंय. हे दोन वेगळे फोटो आहेत. एकाने उजेड जास्त घेतला आणि त्या बदल्यात फोकसची खोली सोडली. दुसऱ्याने खोली राखली आणि उजेड सोडला. निकाल देताना मात्र फक्त पहिल्याचा फायदा मोजला गेला.

मापं एकदा सांगून टाकते, कारण पुढचा सगळा हिशेब त्यांच्यावर आहे. फुल फ्रेम म्हणजे ३६ गुणिले २४ मिलिमीटर, क्षेत्रफळ ८६४ चौरस मिलिमीटर. निकॉन, सोनी, फुजीफिल्म यांचा एपीएस-सी सेन्सर साधारण २३.५ गुणिले १५.६, म्हणजे ३६७च्या आसपास. कॅननचा थोडा लहान, ३३२. मायक्रो फोर थर्ड्स १७.३ गुणिले १३, म्हणजे २२५. आणि ज्याला एक इंची म्हणतात तो १३.२ गुणिले ८.८, म्हणजे ११६. (या एक इंची सेन्सरची एकही बाजू एक इंच नसते. कर्णसुद्धा जेमतेम १६ मिलिमीटर. जुन्या टीव्ही कॅमेऱ्यांत व्हिडिकॉन नावाची काचेची नळी असे आणि तिचा बाहेरचा व्यास सांगायची पद्धत होती. नळ्या गेल्या, माप मागे राहिलं. फसवायचा हेतू नसेलही, पण त्याचा फायदा विकणाऱ्यालाच झाला.) क्रॉप फॅक्टर (फुल फ्रेमचा कर्ण लहान सेन्सरच्या कर्णाच्या किती पट) १.५ किंवा २ हे आकडे कानाला किरकोळ वाटतात, कारण ते लांबीचे आहेत. क्षेत्रफळ धरलं तर फुल फ्रेम एपीएस-सीच्या दुपटीहून मोठा आणि मायक्रो फोर थर्ड्सच्या जवळजवळ चौपट भरतो.

३६ गुणिले २४ या मापाला काही दैवी आधार नाही. वेट्झलारच्या लाइट्झ कारखान्यात ऑस्कर बार्नाक याने १९१३-१४च्या सुमारास सिनेमाची ३५ मिलिमीटर फिल्म आडवी चालवली आणि सिनेमाच्या १८ गुणिले २४च्या दोन चौकटींएवढी जागा एका फोटोला दिली. बार्नाकला दम्याचा त्रास होता. काचेच्या प्लेटांचा जड कॅमेरा पाठीवर घेऊन चढणं त्याला झेपत नव्हतं, त्याला लहान काहीतरी हवं होतं. १९२५ साली लाइपझिगच्या मेळ्यात लायका लोकांसमोर आला तेव्हा प्लेटांच्या मानाने ही निगेटिव्ह चिमुकली होती. आज ज्या आकाराला आपण मोठा म्हणतो तो मुळात वजन कमी करण्यासाठी घेतलेला आकार आहे, आणि ते करताना काय सोडावं लागतंय हे तेव्हाच्या लोकांना पक्कं ठाऊक होतं.

डिजिटल आलं तेव्हा हेही माप परवडेना. सेन्सर सिलिकॉनच्या गोल चकतीतून कापतात; तिच्यातून लहान तुकडे पुष्कळ निघतात, मोठे थोडेच. शिवाय चकतीवर कुठेतरी दोष असतोच आणि मोठ्या तुकड्यात तो येण्याची शक्यता जास्त. म्हणून १९९९चा निकॉन डी १ एपीएस-सी आकाराचा होता, २.७ मेगापिक्सेलचा. २००२मध्ये काँटॅक्स एन डिजिटल आणि कॅननचा १ डीएस हे फुल फ्रेम कॅमेरे आले, २००५मध्ये कॅनन ५ डी. फिल्मच्या जमान्यातल्या लेन्सा ज्यांच्या कपाटात होत्या त्यांना त्या लेन्सांचे मूळ कोन परत मिळाले. माझ्या मते तेव्हाच्या ओढीत हा भाग मोठा होता. २४ मिलिमीटरची लेन्स एपीएस-सीवर लावली की तिचा रुंदपणा निघून जायचा, ते लोकांना सलत होतं. नॉइजचा, म्हणजे फोटोतल्या त्या रंगीत कणांचा, झेंडा खरा उंच झाला तो २००७च्या निकॉन डी ३नंतर. त्या कॅमेऱ्याने आयएसओ २५,६०० हा आकडा दाखवला आणि अंधारात फोटो काढणाऱ्यांची अपेक्षाच बदलून गेली.

आता नॉइजकडे वळू, कारण सगळा घोळ तिथे आहे.

पाऊस सुरू होतो त्या क्षणी अंगणातल्या फरशीकडे बघावं. एका चौकोनावर सात थेंब, शेजारच्यावर तीन, त्याच्या पलीकडे एकही नाही. पाऊस सगळीकडे सारखाच पडतोय, तरी फरशी ठिपकेदार. थोडा वेळ गेला की एकेका चौकोनावर हजारो थेंब पडलेले असतात आणि हा फरक कुठेच दिसत नाही. उजेडही असाच एकेका कणाने, म्हणजे फोटॉनने, पडतो, आणि कुठला कधी पडेल याला नियम नाही. सरासरीने जितके फोटॉन यायचे असतात त्याच्या वर्गमुळाएवढा चढउतार प्रत्येक वेळी होतोच. १०,००० फोटॉन अपेक्षित असतील तर चढउतार १००चा, म्हणजे एक टक्का. २,५०० असतील तर ५०चा, म्हणजे दोन टक्के. सावलीतल्या एखाद्या ठिपक्यावर १००च येणार असतील तर १० टक्के, आणि २५ असतील तर २० टक्के. नॉइज आधी हनुवटीखाली दिसतो तो याच कारणाने. तिथे मुळात फोटॉनच थोडे पोचलेत.

वाल्टर शॉट्की याने १९१८मध्ये निर्वात नळ्यांतल्या विद्युतप्रवाहात हा चढउतार ओळखून मांडला आणि त्याला शॉट नॉइज हे नाव पडलं. कॅमेरा कितीही चांगला असू द्या, हा नॉइज उजेडाबरोबरच आत येतो. सेन्सरमधली माहिती वाचताना इलेक्ट्रॉनिक्स स्वतःची थोडी भर घालतं हे खरं. पूर्वी ती भर फार असायची. आता चांगल्या सेन्सरमध्ये ती इतकी कमी झालीय की साध्या फोटोत दिसणारा बहुतेक नॉइज उजेडाचाच असतो, फक्त गडद सावल्यांत इलेक्ट्रॉनिक्सचा हात लागतो. त्यामुळे ‘या कॅमेऱ्यात नॉइज कमी आहे’ याचा अर्थ बहुतेक वेळा ‘या कॅमेऱ्यापर्यंत उजेड जास्त पोचला’ एवढाच निघतो.

आणि तो जास्त का पोचला? दोन्हीकडे एफ २.८ आणि १/१२५ असेल तर सेन्सरच्या प्रत्येक चौरस मिलिमीटरवर सारखाच उजेड पडतो. फोटोमीटर हेच मोजतो, एक्स्पोजर म्हणतात ते हेच. पण फुल फ्रेमवर तो चेहरा मायक्रो फोर थर्ड्सच्या जवळजवळ चौपट जागेत पसरलाय. चौपट जागा, म्हणजे त्याच चेहऱ्यासाठी चौपट फोटॉन. चौपटीचं वर्गमूळ दोन, म्हणून नॉइजचं प्रमाण निम्मं. फोटोग्राफीच्या भाषेत दोन स्टॉपचा फरक (एक स्टॉप म्हणजे उजेड दुप्पट किंवा निम्मा). एपीएस-सीच्या बाबतीत हाच फरक सव्वा स्टॉपच्या आसपास येतो. एवढंच आहे. त्यात पिक्सेल मोठा असण्याची जादू नाही, ब्रँडची तर नाहीच.

पिक्सेलचा गैरसमज मात्र चिवट आहे. एकाच आकाराचे दोन सेन्सर घ्या, एक १२ मेगापिक्सेलचा आणि दुसरा ४२चा. हंड्रेड परसेंट झूम करून, म्हणजे फोटोचा एक पिक्सेल पडद्याच्या एका पिक्सेलवर ठेवून, पाहिलं तर ४२वाल्याचा एकेक पिक्सेल जास्त खडबडीत दिसणारच. दोन्ही फोटो एकाच आकारात छापा, फरक जवळजवळ मावळतो, कारण दोन्ही सेन्सरवर पडलेला एकूण उजेड तेवढाच होता. फार अंधारात, वाचनाचा नॉइज वर येतो तिथे, मोठ्या पिक्सेलचा थोडा फायदा उरतो. त्यापलीकडे या वादात जीव नाही.

आयएसओचाही गोंधळ आहेच. १६०० म्हणजे १६००, दोन्हीकडे सारखंच, असं मनात बसलेलं असतं. आयएसओ १२२३२ हे प्रमाण पाहिलं तर त्याचा संबंध मुख्यतः एवढ्याशी आहे की अमुक एक्स्पोजरला फोटो अमुक इतका उजळ दिसावा. नॉइज सारखा यावा अशी हमी त्यात कुठेच नाही. म्हणजे दोन वेगळ्या आकारांच्या सेन्सरवर एकच आयएसओ लावून आपण त्यांच्याकडे सारखी उजळी मागितलेली असते. स्वच्छपणा मागितलाय असं आपण उगाच समजून चालतो.

तर मग खऱ्या अर्थाने सारखा फोटो काढायचा कसा? मायक्रो फोर थर्ड्सवर २५ मिलिमीटरची लेन्स एफ १.४ला लावा, शटर १/१२५, आयएसओ ४००. फुल फ्रेमवर ५० मिलिमीटर, एफ २.८, तेच १/१२५, आयएसओ १६००. आता कोन तोच, हालचाल गोठवण्याची ताकद तीच, मागची भिंत तितकीच धूसर. आणि नॉइज? सेन्सर एकाच पिढीचे असतील तर जवळजवळ तोच. लेन्सचे मिलिमीटर भागिले एफचा आकडा म्हणजे छिद्राचा व्यास. २५ भागिले १.४ आणि ५० भागिले २.८, दोन्हींचं उत्तर १८ मिलिमीटरच्या आत. लेन्समधलं उजेड येण्याचं छिद्र दोन्हीकडे तेवढंच आहे. त्या छिद्रातून तेवढेच फोटॉन आत आले. पुढे ते मोठ्या जागेत पसरले की लहान जागेत, याने त्यांची संख्या बदलत नाही.

हा हिशेब मांडला की दोन्ही बाजूंना राग येतो. लहान सेन्सरवाल्यांना वाटतं, त्यांच्या एफ १.४ लेन्सचा अपमान झाला. फुल फ्रेमवाल्यांना वाटतं, त्यांनी पाठीवर वाहिलेल्या वजनाची थट्टा झाली. खगोलशास्त्रज्ञांना यात नवल वाटणार नाही. दुर्बीण किती चांगली असं विचारलं तर ते आधी आरशाचा व्यास सांगतात. १९९५मध्ये हबल दुर्बिणीने गरुड तेजोमेघातल्या धुळीच्या स्तंभांचं जे प्रसिद्ध चित्र टिपलं, ते चार सीसीडींनी (सेन्सरचाच एक प्रकार) घेतलेलं होतं, प्रत्येकी ८०० गुणिले ८०० पिक्सेलची. एका सीसीडीची बाजू १२ मिलिमीटर, मायक्रो फोर थर्ड्सच्या लांब बाजूहूनही आखूड. पण पुढे आरसा २.४ मीटरचा होता, आणि वेळ हवा तेवढा.

इथवर वाचून कुणाला वाटेल की मी फुल फ्रेमची हवा काढून घेतेय. तसं नाही. मी दोन्ही वापरते, आणि काही कामांना लहान कॅमेरा घेऊन जायची माझी हिंमत होत नाही. फक्त फुल फ्रेमचा फायदा कुठून येतो ते समजलं की तो कुठे मिळेल आणि कुठे नाही हेही कळतं.

पहिली जागा: उजेड कमी आणि विषय हलता. रंगमंचावरचा नाच, संध्याकाळच्या झाडीतला पक्षी, घरातल्या एका दिव्याखाली धावणारं मूल. शटर १/५००च्या खाली नेता येत नाही, म्हणून छिद्र मोठं हवं. फुल फ्रेमला ५० मिलिमीटर एफ १.४ ही साधी लेन्स आहे. मायक्रो फोर थर्ड्सवर तिची बरोबरी करायला २५ मिलिमीटर एफ ०.७ लागेल, आणि तशी लेन्स कोणी विकत नाही. फोक्टलेंडरने २५ मिलिमीटर एफ ०.९५ बनवली, हाताने फोकस करायची, आणि तीसुद्धा फुल फ्रेमच्या एफ १.९ला जाऊन थांबते. म्हणजे समान छिद्राचा सिद्धांत कागदावर बरोबर, पण मोठं छिद्र विकत मिळतं ते मोठ्या सेन्सरसाठी. रंगमंचासमोर बसलेल्या माणसाला सिद्धांताचा काही उपयोग नाही. त्याला लेन्स हवी असते.

दुसरी जागा बरोबर उलट, आणि तिच्याबद्दल कमी बोललं जातं: उजेड भरपूर, विषय स्थिर, कॅमेरा ट्रायपॉडवर. उगवत्या सूर्यासमोरची दरी घ्या. इथे अडचण उजेड आणण्याची नसून तो साठवण्याची असते. प्रत्येक पिक्सेलची एक मर्यादा आहे. तिच्यापुढे गेलं की तो ठार पांढरा. चौपट क्षेत्रफळाचा सेन्सर आपल्या सगळ्यांत कमी आयएसओला साधारण चौपट उजेड साठवतो, आणि लहान सेन्सरवर छिद्र कितीही उघडलं तरी तिथे बरोबरी होत नाही, कारण त्याचे पिक्सेल आधीच भरून जातात. मग दरीतल्या काळोखाला कॉम्प्युटरवर वर उचललं की मोठ्या सेन्सरच्या फोटोत झाडं निघतात, लहान सेन्सरच्या फोटोत झाडं आणि रवाळपणा दोन्ही. आयएसओ १००चे फोटो सगळे सारखेच दिसतात असं म्हणणाऱ्यांनी सावल्या उचलून बघितलेल्या नसतात.

तिसरी गोष्ट लेन्सची, जी नॉइजच्या गोंगाटात ऐकूच येत नाही. १२ गुणिले १८ इंचांचा प्रिंट काढायचा म्हटलं तर फुल फ्रेमवरची प्रतिमा पावणेतेरा पट वाढवावी लागते आणि मायक्रो फोर थर्ड्सची २६ पटीहून जास्त. लेन्समध्ये जी काही कसर असेल तीही तितकीच पट वाढते. म्हणून लहान सेन्सरच्या लेन्सांना जास्त बारीक काम करावं लागतं. लेन्सांचे एमटीएफ आलेख (लेन्स बारीक रेषा किती स्पष्ट उमटवते हे दाखवणारे) पाहिले तर हे उघड दिसतं: कॅनन, निकॉन आपले आलेख मिलिमीटरला १० आणि ३० रेषांवर देतात, तर ऑलिंपसने आपले २० आणि ६० रेषांवर दिले. त्या लेन्सा या परीक्षेत चांगल्या उतरतात, काही तर थक्क करतात. पण दुप्पट काम करूनच त्या बरोबरीला येतात. लोक ज्याला ‘फुल फ्रेम लूक’ म्हणतात त्यातला थोडा भाग हा असावा, एफ ४लासुद्धा कडांना असलेला निवांत स्वच्छपणा. उरलेला सगळा त्या छिद्राच्या व्यासाचा. माझ्या जुन्या प्रिंटांतला कुठला कुठल्या कॅमेऱ्याचा हे मला ओळखता येतं ते धूसर पार्श्वभूमीवरून. नॉइजवरून जवळपास कधीच नाही.

आता उलट बाजू. समूहाचा फोटो घ्या, तीन रांगांतली माणसं. सगळे चेहरे फोकसमध्ये हवेत. लहान सेन्सरवर एफ ४ला जमतं, फुल फ्रेमवर त्यासाठी एफ ८ लावावा लागतो. झालं, छिद्र पुन्हा सारखं, आयएसओ चौपट, मोठ्या सेन्सरचा फायदा संपला. फुलावरच्या किड्याचा जवळून फोटो घेतानाही हेच. ‘मॅक्रोसाठी लहान सेन्सर चांगला, त्यात खोली जास्त मिळते’ असंही म्हणतात; मी ते तितकंच अर्धवट मानते, कारण फुल फ्रेमवर छिद्र लहान केलं की तीच खोली मिळते. डिफ्रॅक्शन, म्हणजे लहान छिद्रातून जाताना उजेडाचं पसरणं, तेसुद्धा कुणाची बाजू घेत नाही. एफ ८ला हिरव्या उजेडाचा ठिपका साधारण १०.७ मायक्रॉनचा होतो, एफ १६ला त्याच्या दुप्पट. दुप्पट रुंद सेन्सरवर दुप्पट ठिपका, म्हणजे फोटोत तो तेवढाच भाग अडवतो.

दूरच्या पक्ष्याचं गणित थोडं वेगळं आहे आणि त्यात फसायला फार सोपं. ४०० मिलिमीटरची एकच लेन्स दोन्ही कॅमेऱ्यांवर लावली आणि पक्षी इतका लांब आहे की तो चौकटीच्या मधोमध छोटासा दिसतोय. सेन्सरवर पडणारी पक्ष्याची प्रतिमा दोन्हीकडे अगदी तेवढीच, उजेडही तेवढाच. इथे मोठ्या सेन्सरच्या कडा रिकाम्या आकाशाला जातात. २४ मेगापिक्सेलच्या फुल फ्रेममधून मायक्रो फोर थर्ड्सएवढा तुकडा कापला तर सव्वासहा मेगापिक्सेल हाताशी राहतात. २० मेगापिक्सेलचा लहान सेन्सर त्याच जागेवर तिपटीहून जास्त ठिपके ठेवतो, आणि पिसांचे बारकावे त्यालाच जास्त मिळतात. पण ६१ मेगापिक्सेलचा फुल फ्रेम आणला की कापलेल्या तुकड्यात जवळपास १६ उरतात आणि फरक किरकोळ होतो. ‘क्रॉप सेन्सर लेन्सची पोच वाढवतो’ या वाक्यात खरं तेवढंच आहे, पिक्सेल किती दाट बसलेत एवढं.

आणि मग वेळ. मला तरी सगळ्यांत रस वाटतो तो इथे. उजेड गोळा करायला मोठं छिद्र हा एक मार्ग, जास्त वेळ उघडं ठेवणं हा दुसरा. विषय स्थिर असेल तर लहान सेन्सरचा कॅमेरा १/१५ऐवजी चौपट वेळ, म्हणजे जेमतेम पाव सेकंद, उघडा ठेवला की चौपटीची तूट भरून निघते. हलका सेन्सर आत हलवून स्थिर ठेवणं सोपं असल्याने हातात धरूनही ते जमतं. देवळातला दगडी खांब, रात्रीचा रिकामा रस्ता, संग्रहालयातली मूर्ती, यांच्यासमोर सेन्सरचा आकार निम्मा मुद्दा गमावतो. फोनने हीच युक्ती टोकाला नेली. एका दाबात अनेक छोटे फोटो घ्यायचे, एकमेकांवर बसवायचे आणि सरासरी काढायची. नखाहून लहान सेन्सरमधून रात्रीचे फोटो निघतात ते या बेरजेमुळे. काही मायक्रो फोर थर्ड्स कॅमेरे ट्रायपॉडवर असताना सेन्सर किंचित सरकवत आठ फोटो घेऊन एक मोठा फोटो करतात, आणि तिथे ते २४ मेगापिक्सेलच्या फुल फ्रेमला मागे टाकू शकतात. वाऱ्याने झाडाचं पान हललं की मात्र सगळं फिसकटतं.

तरीही तुलना बघताना डोळा पुन्हा त्या वाढवलेल्या तुकड्याकडेच जातो. माझाही जातो. फरक शोधायला बसलं की तो सापडतोच, आणि सापडला की तो महत्त्वाचा वाटू लागतो. ६० मेगापिक्सेलचा फोटो ९,५०४ पिक्सेल रुंद असतो. इंचाला ९६ पिक्सेलच्या साध्या मॉनिटरवर तो हंड्रेड परसेंटला बघणं म्हणजे अडीच मीटर रुंद प्रिंटसमोर हातभर अंतरावर उभं राहून एक कोपरा तपासणं. तोच फोटो फोर-के पडद्यावर पूर्ण बघितला तर ८.३ मेगापिक्सेलमध्ये मावतो. १२ गुणिले ८ इंचांचा उत्तम प्रिंट ८.६ मेगापिक्सेलमध्ये निघतो. २० मेगापिक्सेलच्या कुठल्याही कॅमेऱ्यात याहून दुप्पट माल आहे. शिवाय आताची नॉइज कमी करणारी सॉफ्टवेअरं रॉ फाइलमधून (सेन्सरची कच्ची, प्रक्रिया न केलेली नोंद) दीड-दोन स्टॉपांचा फरक सहज पुसतात. शुद्धतावादी म्हणतील की ते पुसणं म्हणजे अंदाजाने रंग भरणं आहे. आहेच. मोठ्या फोटोत कधीकधी त्वचा मेणासारखी गुळगुळीत होते तेव्हा मलाही ते टोचतं, आणि अशा वेळी मी नॉइज तसाच राहू देते.

कुणी मला तुलना करून दाखव म्हटलं तर मी आता एवढंच करते. आधी विचारते, तुला कसला फोटो हवाय. धूसर पार्श्वभूमी हवी असेल तर दोन्ही लेन्सा पूर्ण उघडायच्या आणि ज्याच्याकडे मोठं छिद्र आहे तो जिंकणार हे आधीच मान्य करायचं. खोली हवी असेल तर दोन्हीकडे खोली जुळवायची आणि आयएसओला जिथे जायचं तिथे जाऊ द्यायचं. ट्रायपॉड असेल तर दोघांनाही आपापल्या सगळ्यांत कमी आयएसओला, हवा तेवढा वेळ द्यायचा. मग फोटो त्याच आकारात, त्याच अंतरावरून बघायचे. तीन वेगळे प्रश्न, तीन वेगळे निकाल. विचारणाऱ्याचं समाधान होतंच असं नाही, त्याला बहुधा एकच निकाल हवा असतो.

या हिशेबाने एक गंमत होते. फुल फ्रेमहून मोठे, ४४ गुणिले ३३ मिलिमीटरचे सेन्सर आता हातात मावणाऱ्या कॅमेऱ्यांत मिळतात. क्षेत्रफळ १,४५२ चौरस मिलिमीटर, फुल फ्रेमच्या १.७ पट. म्हणजे जुन्या रीतीने तुलना केली तर फुल फ्रेम इथे लहान सेन्सर ठरतो आणि हनुवटीखालचा त्याचा तुकडा जास्त खडबडीत निघतो. पण फुजीफिल्मच्या या सेन्सरसाठी ११० मिलिमीटर एफ २ ही लेन्स आहे, तिचं छिद्र ५५ मिलिमीटरचं. जवळजवळ त्याच कोनासाठी कॅननची फुल फ्रेमची ८५ मिलिमीटर एफ १.२ आहे, तिचं छिद्र ७० मिलिमीटरहून थोडं मोठं. मंद उजेडात बसलेल्या माणसाचा फोटो दोन्ही लेन्सा पूर्ण उघडून घेतला तर दीडपटीहून जास्त उजेड लहान सेन्सरवर पोचतो.